गंगारामची उलांडी

रत्नागिरीजवळच्या मिऱ्यावरच्या मांजरांना आजवर एकाच माणसानं फसवलंय, आणि तेही रोज. गंगाराम मयेकरनं संध्याकाळी आपली मोटारसायकल सुरू केली की वाडीतली झाडून सगळी मांजरं शेपट्या वर करून बंधाऱ्याकडं धावत सुटतात. त्यांना वाटतं, मासळीची लाँच आली. आता यात मांजरांचा तरी काय दोष? गाडीचा मूळचा सायलेन्सर पंचवीसेक वर्षांपूर्वी गंजून गळून पडला, तेव्हा गंगारामनं मोडीत निघालेल्या एका लाँचचा धुराचा पाइप कापून तिथं वेल्ड केला. तेव्हापासून ती गाडी टुकटुकटुक करत समुद्रावरून आल्यासारखी येते.

गाडी मात्र अस्सल विलायती. बीएसए कंपनीची, दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनवलेली, पाचशे सीसीची. राजापूरकडच्या एका निवृत्त हवालदाराच्या गोठ्यात ती पेंढ्याखाली पडली होती आणि तिच्या हेडलाइटच्या डब्यात कोंबडी अंडी घालत होती. गंगाराम तेव्हा तेवीस वर्षांचा, मिरकरवाड्याच्या जेटीवर लाँचची इंजिनं दुरुस्त करायला नुकता शिकलेला. गाडी बघितली आणि गड्याचं डोकंच फिरलं. आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या ट्रकात घालून त्यानं ती घरी आणली, तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं, हे काय आणलंस? गंगाराम म्हणाला, गाडी. शेजारी म्हणाले, उरलेली कधी येणार?

उरलेली गंगारामनं स्वतः बनवली. विलायतेतून पार्ट मागवायला तो काय संस्थानिक होता? जाळ्याच्या बुचांची पॅकिंग झाली, लाँचच्या इंजिनाची केबल क्लचला लागली, टाकीला होडीचा निळा रंग गेला. या गाडीचा गियर उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या पायात. आपल्याकडच्या गाड्यांच्या बरोबर उलट. त्यामुळं ती चालवायला कुणी मागितली की गंगाराम खुशाल देई आणि बाजूला उभा राहून बघे. त्याच्या मुलानं, रूपेशनं, एकदा ब्रेक समजून गियर दाबला तो थेट शेजाऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यात थांबला. पुढं रूपेश नोकरीला डोंबिवलीला गेला आणि त्यानं बिनगियरची स्कूटर घेतली.

असा हा सुखी माणूस. पण त्याच्या मनात एक सल होता, आणि तो सगळ्या मिऱ्याला ठाऊक होता. त्याची बायको त्या गाडीवर बसत नसे. लग्नाला चौतीस वर्षं झाली, संध्या त्या गाडीवर फक्त एकदाच बसली होती, आणि तीसुद्धा पुरती नाही.

संध्या पूर्णगडची, तिथल्या तांडेलाची, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याची, मुलगी. लग्न तिकडंच लागलं. वऱ्हाड टेम्पोतून परत निघालं आणि नवरदेवानं हट्ट धरला की मी माझी बायको माझ्या गाडीवरून नेणार. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला, पण जावयाला नाही कोण म्हणणार? शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली नवरी मागच्या सीटवर बसली. सीट म्हणजे मडगार्डवर ठोकलेली एक उशी. मागं शॉकअॅब्सॉर्बर नावाची वस्तूच नाही. गंगाराम आनंदानं वेडा झालेला, तोंड एक मिनिट बंद नाही. गाडीचा इतिहास, इंजिनाची रचना, महायुद्ध, सगळं तो मान न वळवता तिला सांगत होता. गोळपच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, एक मोठा खड्डा आला. गाडी उडाली, नवरी तिथंच राहिली. गंगाराम बोलत बोलत थेट भाट्याच्या पुलापर्यंत आला. पुलावर त्यानं विचारलं, "कंटाळलीस काय गो?" उत्तर आलं नाही तेव्हा त्यानं मागं बघितलं.

पुढचं तर आणखी भारी. तो घाबरून उलटा फिरला आणि सड्यावरची झुडपं धुंडाळत बसला. तोवर संध्या मागून आलेल्या एसटीत बसून, मुंडावळ्या सावरत, त्याच्या शेजारून पुढं निघून गेली होती. नवऱ्याशिवाय नवरी उंबरठा कसा ओलांडणार? म्हणून सासूनं तिला पडवीत बसवलं आणि चहा दिला. तासाभरानं गंगाराम पांढराफटक पडून आला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "आये, बायको हरवली." संध्यानं कपबशी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "या गाडीवर मी परत बसणार नाही."

ही गोष्ट गंगारामनं नंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक साखरपुड्यात सांगितली. लोक पोट धरून हसत. संध्या पाणी वाढायला निघून जाई.

पण गाडीशी तिचं वैर होतं म्हणावं तर तसंही नव्हे. दर दसऱ्याला ती गाडी धुऊन घेई, झेंडूचा हार घाली, चाकाला हळदकुंकू लावी, पुढं नारळ फोडी. मग गंगाराम विचारी, "बसतेस काय?" ती म्हणे, "नाही." आणि खोबरं वाटायला जाई. मग गंगारामला वाटे, सीटच वाईट आहे. म्हणून त्यानं कोल्हापूरहून जाड गादीची सीट आणली. पुढच्या दसऱ्याला, "नाही." मग पाठ टेकायला त्यानं सलूनमधल्या खुर्चीची पाठ बसवली. "नाही." मग खुर्चीचे हातही बसवले, मग कमरेला बांधायला पट्टा लावला. गाडीचं मागचं अंग एखाद्या न्हाव्याच्या दुकानासारखं दिसायला लागलं. संध्या प्रत्येक नवी वस्तू बघायची, हात लावून "बरी झालीय" म्हणायची, आणि बसायची नाही.

गेल्या वर्षी आषाढात गंगारामचं टाळकं सरकलं. जेटीवर चारचौघांत कुणीतरी थट्टा केली की गंग्याची गाडी विलायती, पण बायको चालतच बाजारात जाते. गंगाराम तडकला. म्हणाला, "या दसऱ्याला ती बसली नाही तर गाडी विकून टाकतो. मयेकराचा शब्द." शब्द गेला तो गेला. पुण्याचा एक जुन्या गाड्यांचा शौकीन कधीपासून मागं लागलेला होता, त्यालाही यानं रागाच्या भरात फोन करून सांगितलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या. घरी येऊन त्यानं संध्याला सगळं ऐकवलं, तेव्हा ती सुकट निवडत होती.

"विका," ती म्हणाली.

झालं. त्याला वाटलं होतं, ती म्हणेल, नको हो, एवढी जुनी गाडी. त्या दिवशी तो जेवला नाही. एकोणचाळीस वर्षं जिला हातानं घडवलं ती गाडी जाणार याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. आपण बासष्टचे झालो. गाडी गेली की ही आपल्याबरोबर कधीच बसायची नाही. मग एवढं सगळं केलं कशासाठी?

तो गेला बाबल्याकडं. बाबल्या मेस्त्री होड्या बांधतो. गंगारामचा लंगोटीयार, आणि गंगारामच्या वरताण हट्टी. पावसात होड्या वर ओढलेल्या असतात, बाबल्याला काम नसतं, त्यामुळं तो झावळ्यांच्या झापाखाली बिडी ओढत बसला होता. त्यानं गाडीला एक फेरी मारली आणि फ्रेमच्या डाव्या अंगाला असलेल्या लोखंडी कानांवर बोट ठेवलं.

"हे काय रे?"

"त्याला मी मासळीची पिशवी अडकवतो."

"पिशवीसाठी इंग्रजांनी एवढं जाड लोखंड घातलं काय, मेल्या? इथं काहीतरी जोडायचं असणार."

गंगारामनं मोबाइलवर बघितलं आणि त्याचे डोळे विस्फारले. ते कान साइडकार जोडायचे होते. जन्मभर त्यानं त्यांना बांगड्यांची पिशवी अडकवली होती. बाबल्यानं मोबाइलमधलं चित्र लांब धरून बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे उलांडी." छोटी होडी लाटेवर कलंडू नये म्हणून तिच्या एका अंगाला आडव्या दांड्यांवर लाकूड बांधतात, ती उलांडी. कोकणच्या किनाऱ्यावर ती सगळ्यांनी बघितलेली. गंगाराम म्हणाला, अगदी तसंच, फक्त यात माणूस बसतो. बाबल्यानं बिडी विझवली. "मग होडीच बांधतो," तो म्हणाला.

आणि त्यानं खरोखरच होडी बांधली. फणसाच्या फळ्या, फटींत कापूस आणि राळ, वरून माशाचं तेल. टोक पुढं निमुळतं, आत एक आडवं फळकूट बसायला. झाल्यावर ती गळते की काय बघायला त्यानं तिच्यात पाणी भरून ठेवलं. गंगाराम ओरडला, "अरे, ही रस्त्यावर चालायचीय." बाबल्या म्हणाला, "मी होडी न तपासता देत नाही." जोडायच्या वेळी तर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. गंगारामला नटबोल्ट हवे होते, बाबल्याला काथ्याची दोरी. उलांडी दोरीनंच बांधतात, ती लवली पाहिजे, नाहीतर मोडते, हे बाबल्याचं शास्त्र. आठ दिवस अबोला झाला. शेवटी बोल्टही लागले आणि त्यावरून दोरीही गुंडाळली. खाली एका जुन्या स्कूटरचं चाक बसलं. संध्याला यातलं काही सांगितलं नाही. दसऱ्याला हार घालून दारातच उभी करायची, असा बेत होता.

दसऱ्याच्या सकाळी किनाऱ्यालगतच्या मैदानात चाचणी ठरली. गाडीला हार घातलेला, होडीच्या टोकाला आंब्याच्या पानांचा टाळा. गंगाराम म्हणाला, "बाबल्या, बस आत."

बाबल्या दोन पावलं मागं सरला. त्यांच्या घराण्याची एक रीत होती. नव्या होडीत पहिलं पाऊल मालकाच्या घरच्या माणसाचं. बांधणारा बसला तर होडी त्याला धरून ठेवते म्हणे. गंगाराम म्हणाला, बरं, मग वाळूची गोण टाक. बाबल्या म्हणाला, पहिलं वजन माणसाचं. घरचा माणूस तू, तर तू बस. गंगाराम म्हणाला, मी बसलो तर चालवणार कोण? बाबल्या म्हणाला, ते तुझं तू बघ, रीत म्हणजे रीत. तेव्हा उलांडी रिकामीच राहिली आणि गंगारामनं किक मारली.

सरळ जाताना झकास. गाडी जरा डावीकडं ओढत होती, पण त्याला एवढी मजा वाटत होती की तो मोठ्यानं गाणं म्हणायला लागला. मग डावं वळण आलं. गंगारामनं नेहमीसारखी गाडी कलती करायला घेतली, आणि फणसाची ती नवी कोरी होडी जमिनीवरून उचलली गेली. चाक हवेत, आंब्याचा टाळा हवेत. गंगारामनं घाबरून हँडल उलटं फिरवलं. गाडी उजवीकडं सुटली ती मैदानाच्या कडेला वाळत घातलेल्या जवळ्यात, त्या बारीक सुक्या कोळंबीत, घुसली, अख्खी चटई गुंडाळत गेली आणि इंजिन बंद पडलं. गंगाराम जवळ्यात बसला होता. केसात जवळा, मिशीत जवळा, हारात जवळा. आणि जवळा होता संध्याचा.

ती खराटा घेऊन तिथंच उभी होती.

बाबल्या माडामागं गेला. गंगारामनं डोळे मिटून घेतले. आता गाडी जाणार, संसारही जातो की काय, असं त्याला वाटलं. पण संध्यानं जवळ्याकडं बघितलंच नाही. ती होडीभोवती फिरली, दोरीची गाठ ओढून बघितली, चाकाला पायानं ढोसलं.

"उलांडी कुणी बांधली?"

"मी, वहिनी," माडामागून आवाज आला.

"बांधलीय चांगली. चालवणारा अडाणी आहे." मग ती नवऱ्याकडं वळली. "रिकामी उलांडी घेऊन कुणी वळतं काय हो? ती उचलणारच. वळायच्या आधी माणूस उलांडीवर सरकतो. पूर्णगडच्या खाडीत मी सात वर्षांची असल्यापासून बाबांच्या होडीत तेच करायचे. बाबल्या भाऊजी, बसा आत, दाखवते यांना."

"मी नाही बसायचा. रीत नाही."

"मग दगड ठेवा."

"पहिलं वजन माणसाचं, वहिनी. मालकाच्या घरचं."

"काय माणसं आहात," संध्या वैतागून म्हणाली. खराटा टाकला, पदर कमरेला खोचला आणि टुणकन आत चढून फळकुटावर बसली. "हं. घ्या वळवून."

ती बसली होती. चौतीस दसरे गेले होते आणि ती आत बसून वर नवऱ्यावर डाफरत होती. तिच्या लक्षात आलंय की नाही? बोललो तर उठेल, या भीतीनं त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले आणि किक मारली. पहिली किक फुकट गेली, दुसरी लागली. डावं वळण आलं, संध्या डाव्या काठावर सरकली, अर्धी बाहेर झुकली, आणि तिन्ही चाकं लोण्यावरून गेल्यासारखी वळली. दोन फेऱ्या झाल्या. ती म्हणाली, "इथं जागा कुठाय? रस्त्यावर घ्या."

मग काय विचारता. हार घातलेली निळी विलायती गाडी, बाजूला फणसाची होडी, होडीत मिऱ्याची संध्या मयेकर. रत्नागिरीत दसऱ्याची गर्दी होती आणि ती सगळी थांबून बघायला लागली. मागून टुकटुक आवाज ऐकून निघालेली दोन मांजरं पार बंदर रस्त्यापर्यंत आली. जयस्तंभापाशी हवालदारानं थांबवायला हात वर केला, पण संध्या त्याच्या दिशेनं बाहेर झुकली आणि ओरडली, "बाजू." त्यानं हात खाली घेतला. रिक्षावाले उठून उभे राहिले. झेंडूच्या पाकळ्या मागं उडत होत्या, संध्याचा पदर सुटला होता, आणि ती हसत होती. हसताना संध्याचा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. त्या दिवशी आवाज येत होता. इंजिनाच्या वर येत होता. गंगारामला वाटलं आपण आता उडणार.

भाट्याचा पूल ओलांडल्यावर त्यानं परत फिरायला वेग कमी केला.

"इतक्यात?" ती म्हणाली.

पुढं चढ लागला. गोळपच्या सड्यापर्यंत इंजिन तापून लाल व्हायची वेळ आली, तेव्हा गंगारामनं एका आंब्याच्या बागेच्या दगडी गडग्याला गाडी उभी केली. तो उतरला. ती उतरली नाही. काठावर हात टेकून खाली समुद्राकडं बघत राहिली. आता मात्र गंगारामला राहवेना.

"संध्या, एक विचारू? एवढा राग होता तुझा या गाडीवर. चौतीस वर्षं. मग आज कसा गेला?"

"राग?" तिनं वळून बघितलं. "मला राग कधी आला होता? मी भ्याले होते."

"तू? तू तर भरतीला बापाबरोबर खाडीत..."

"पडायला नव्हते भ्याले. पडले, काही लागलंही नाही. रस्त्यावर बसून मी तुमची पाठ बघत होते. तुम्ही हातवारे करत लांब लांब जात होतात. बोलत होतात. मी मागं नव्हते, तरी तुमचं काही अडत नव्हतं. तेव्हा मला वाटलं, या माणसाला मी असले काय आणि नसले काय. ते मला परत बघायचं नव्हतं. आणि ते तुम्ही लग्नालग्नात सांगून लोकांना हसवायचात."

गंगाराम गडग्यावर बसला. गादी, पाठ, हात, पट्टा. आयुष्यभर जे जे केलं ते सगळं मागच्या सीटला. एकदा मागं वळून बघावं, एकदा चुकलं म्हणावं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. तो रडला. बासष्ट वर्षांचा, मिशीत जवळा अडकलेला माणूस भर रस्त्यात हमसून हमसून रडला.

"चुकलं गो माझं," तो म्हणाला. "फार चुकलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" ती म्हणाली, पण तिचेही डोळे भरले होते. तिनं पदरानं ते पुसले आणि मग हात लांब करून त्याच्या मिशीतला जवळा काढून टाकला. "असू दे. आता डाव्या हाताला बसलेय. दर वळणाला माझ्याकडं बघावं लागेल, नाहीतर उलटाल. त्या पुण्याच्या माणसाला कळवा, येऊ नको म्हणावं. आणि गाडी सुरू करा."

"घरी?"

"पूर्णगडला. दादाकडं दसऱ्याचं जेवण असेल. तिकडच्यांनी पण बघू दे मला."

गंगारामनं डोळे पुसले आणि किक मारली. गाडी टुकटुक करत सड्यावरून निघाली. पावसच्या उतारावर डावं वळण आलं तेव्हा त्यानं मान वळवून बघितलं. संध्या पार बाहेर झुकली होती, केस सुटलेले, डोळे मिटलेले, आणि वाऱ्यावर ओरडत होती, "अजून जोरात, अहो, अजून जोरात."